कापराचा इतिहास : देवघरापासून तैवानच्या डोंगरांपर्यंत

१/ आरतीच्या तबकात जळणारी कापराची वडी आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात दाखवलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फीत. या दोन वस्तूंत समान काय होते? उत्तर आहे कापूर. त्या काळी चित्रपटाची फीत सेल्युलॉइडची असे आणि सेल्युलॉइड कापराविना तयार होत नसे. जगाला लागणारा बहुतांश कापूर तेव्हा ज्या डोंगरांतून येई, तेथे त्याच्यासाठी युद्धे लढली जात होती. एका सदाहरित वृक्षाच्या सुगंधी तेलाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रथम वृक्षाची ओळख. कापराचे झाड दालचिनी आणि तमालपत्र यांच्या कुळातले. दक्षिण चीन, तैवान, दक्षिण जपान आणि व्हिएतनाम ही त्याची मूळ भूमी. पान चुरगळले की वास येतो, परंतु कापराचा खरा साठा जुन्या झाडाच्या लाकडात, विशेषतः बुंध्यात आणि मुळांत असतो. झाड दीर्घायुषी आहे. जपानच्या कागोशिमा प्रांतातील कामो येथील कापूरवृक्षाचे वय सुमारे दीड हजार वर्षे सांगितले जाते. त्याच्या बुंध्याचा घेर २४ मीटरहून अधिक आहे.

३/ लाकडाचे तुकडे पाण्याच्या वाफेवर तापवले की वाफेबरोबर सुगंधी तेल बाहेर पडते. ते थंड झाले की त्यातून पांढरे स्फटिक वेगळे होतात. हाच कापूर. उरलेल्या तेलाचे पुन्हा ऊर्ध्वपातन केले की त्याचे निरनिराळे भाग मिळतात. हलक्या पांढऱ्या तेलात निलगिरीच्या तेलातही आढळणारे सिनिओल असते, तर जड तपकिरी तेलात सॅफ्रोल. या सॅफ्रोलपासून पुढे साबण व अत्तरांसाठी सुगंधी द्रव्ये तयार होऊ लागली.

४/ कापराचा सर्वांत विलक्षण गुण म्हणजे त्याचे उडून जाणे. उघड्यावर ठेवलेली वडी द्रवरूप न होता थेट वायुरूप होते आणि काही दिवसांत दिसेनाशी होते. पेटवली तर ती काजळी देते, पण राख मागे ठेवत नाही. आरतीत कापराला स्थान मिळाले आणि त्याला निःशेष समर्पणाचा अर्थ आला, तो या गुणामुळे. ‘कापरासारखे उडून जाणे’ हा मराठी वाक्प्रचारही येथलाच.

५/ मात्र प्राचीन भारतात ज्या कापराची कीर्ती होती, तो बहुधा या झाडाचा नव्हता. सुमात्रा, बोर्निओ आणि मलाया येथील घनदाट अरण्यांत सालवृक्षाच्या कुळातले एक प्रचंड उंच झाड आहे. त्याच्या खोडातील भेगांत स्फटिक आपोआप साचतात. रसायनशास्त्रात त्याला बोर्निओल म्हणतात. आपल्याकडील भीमसेनी कापूर मूळचा हाच. आज बाजारात त्या नावाने विकले जाणारे प्रत्येक पाकीट त्या झाडाचे असतेच असे नाही.

६/ हा कापूर मिळवणे म्हणजे दैवाची परीक्षा होती. बाहेरून पाहून खोडात कापूर आहे की नाही हे कळत नसे, आणि अनेक झाडे तोडूनही हाती काही लागत नसे. मलायातील जाकून लोक कापूर शोधायला अरण्यात शिरले की रोजची भाषा बोलत नसत. या कामासाठी त्यांची शब्दांची एक वेगळी गुप्त भाषाच होती. नेहमीचे शब्द उच्चारले तर कापूर मिळणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

७/ सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारुस हे या कापराचे विख्यात बंदर. मलाय भाषेत आजही ‘कापुर बारुस’ हा शब्द आहे. बारुसजवळ लोबू तुआ येथे शके १०१० चा, म्हणजे इ.स. १०८८ चा एक शिलालेख सापडला. त्याची भाषा तमिळ आहे आणि तो ‘पाचशे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी श्रेणीशी संबंधित आहे. या श्रेणीचे मूळ पीठ कर्नाटकातील ऐहोळे. दख्खनमधील एका श्रेणीचे व्यापारी हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून कापराच्या दारात पोहोचले होते.

८/ शब्दाचा प्रवासही वस्तूच्या मागोमाग झाला. संस्कृत ‘कर्पूर’, मलाय ‘कापुर’, अरबी ‘काफूर’ आणि त्यावरून युरोपीय भाषांतील रूपे. कुराणात स्वर्गीय पेयाच्या वर्णनात काफूरचा उल्लेख आहे. अरबी इतिहासकारांनी एक कथा नोंदवली आहे. इ.स. ६३७ च्या सुमारास अरब सैन्याने इराणी सम्राटांची राजधानी टेसिफोन जिंकली, तेव्हा तेथे सापडलेला कापूर सैनिकांनी मीठ समजून अन्नात घातला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवले की फान्सूरचा कापूर सोन्याच्या तोलाने विकला जातो. फान्सूर म्हणजे बारुसचाच परिसर.

९/ भारतात कापूर राजवैभवाची खूण बनला. चरकसंहितेत मुखशुद्धीच्या द्रव्यांत त्याची गणना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विड्याचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यात कापूर आहेच. राजशेखराने आपल्या प्राकृत नाटकाच्या नायिकेचे नाव ‘कर्पूरमंजरी’ ठेवले. गौरवर्ण शिवाला ‘कर्पूरगौर’ म्हटले गेले. शुभ्रता, शीतलता आणि दुर्मिळता या तिन्हींसाठी तेव्हा एकच उपमान हाताशी होते.

१०/ सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात पक्व आणि अपक्व असे कापराचे भेद दिलेले आहेत. अपक्व म्हणजे झाडात आपोआप तयार झालेला, आणि तो श्रेष्ठ मानला आहे. याखेरीज ‘चीनाक’ नावाच्या कापराचाही उल्लेख आहे. चीनकडचा कापूर एव्हाना भारतात परिचित होता, याचा हा पुरावा. उष्णतेने काढलेला हा माल स्वस्त आणि विपुल होता. पुढील तीन शतकांत त्याने बारुसच्या कापराला बाजारातून जवळजवळ हटवले.

११/ औषध म्हणून कापराचे स्थान मोठे राहिले. त्वचेवर लावल्यावर जाणवणारा गारवा आणि ऊब हे दोन्ही मज्जातंतूंवरील संवेदकांना चाळवल्याचे परिणाम आहेत. १८९३ मध्ये मुंबईत काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी सुरू केलेले अमृतांजन बाम घराघरांत पोहोचले, त्यातही कापूर आहे. फ्रान्समध्ये रास्पाय या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात कापराला जवळजवळ सर्वरोगहर ठरवले होते.

१२/ हेच द्रव्य पोटात गेले तर मात्र विष ठरते. त्याने झटके येतात आणि लहान मुलांना त्याची थोडी मात्राही घातक असते. या दुष्परिणामाचाच एका वैद्याने उपयोग केला. २३ जानेवारी १९३४ रोजी बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेदुना यांनी गंभीर मनोविकाराच्या एका रुग्णाला तेलात विरघळवलेला कापूर टोचून मुद्दाम झटके आणले. पुढे त्यांनी कापराऐवजी दुसरे औषध वापरले, आणि १९३८ मध्ये इटलीत विजेच्या झटक्यांची उपचारपद्धती आली. तिची पहिली पायरी कापूर होता.

१३/ पूजा, विडा, औषध आणि कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवायच्या वड्या. या साऱ्या गरजा मिळूनही मर्यादित होत्या. कापराचे भाग्य पालटले ते एका अनपेक्षित ठिकाणी, बिलियर्डच्या टेबलावर. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत महाग होत चालले होते. अमेरिकेत कृत्रिम पर्याय शोधणाऱ्यास १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. जॉन वेस्ली हायट नावाचा एक मुद्रक त्या शोधाला लागला.

१४/ कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज हा ज्वालाग्राही पदार्थ मिळतो. इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सने १८६२ च्या लंडन प्रदर्शनात त्यापासून घडवलेल्या वस्तू मांडल्या, पण त्या टिकाऊ ठरल्या नाहीत. हायट आणि त्याचा भाऊ आयझाया यांनी त्यात कापूर मिसळून उष्णता व दाब दिला. १८७० मध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. सेल्युलॉइड जन्माला आले. योगायोग असा की धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्मही १८७० चाच, त्र्यंबकेश्वरचा.

१५/ कापूर येथे नेमके काय करतो? नायट्रोसेल्युलोजचे लांब रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्यामुळे तो पदार्थ कडक आणि ठिसूळ असतो. कापराचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये शिरून ही पकड सैल करतात. मग पदार्थ तापवून हवा तसा वळवता येतो आणि थंड झाल्यावर तो आकार धरून राहतो. सेल्युलॉइडच्या सर्वसाधारण वस्तूंत वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा कापराचाच असे.

१६/ कंगवे, गुंड्या, कॉलर, बाहुल्या, चाकूच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या. हस्तिदंत आणि कासवाचे कवच श्रीमंतांना परवडे, सेल्युलॉइड कोणालाही. टेबल टेनिसचा चेंडूही सेल्युलॉइडचाच झाला, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो थेट २०१४ पर्यंत टिकला. आल्फ्रेड नोबेलच्या बॅलिस्टाइट या धूरविरहित दारूच्या मूळ कृतीतही कापूर होता. हत्तींवरचा भार काहीसा हलका झाला, पण तो दुसऱ्या एका अरण्यावर जाऊन पडला.

१७/ ते अरण्य तैवानचे. बेटाच्या मध्यभागी उंच पर्वतरांगा आणि त्यांच्या उतारांवर शतकानुशतके वाढलेले कापूरवृक्ष. या डोंगरांत अतायाल, सायसियात, त्रुकू असे आदिवासी समाज राहत होते. किनाऱ्यावर चिनी वसाहती वाढत असतानाही डोंगर त्यांच्याच ताब्यात होते. कापूर हवा असेल, तर त्यांच्या भूमीत शिरावे लागणार होते. सुरुवातीला कापूर काढणारे अनेकदा त्यांना मोबदला देत आणि मगच भट्ट्या लावत.

१८/ भट्टी म्हणजे डोंगरातली एक झोपडी. चुलीवर लोखंडी कढई, कढईत पाणी, वर लाकडाच्या तुकड्यांनी भरलेले पिंप. वाफ नळीतून थंड पेटीत जाई आणि पेटीच्या भिंतींवर पांढरा थर जमे. शेकडो वर्षांचे झाड तोडून त्याचा कापराने समृद्ध असा भागच वापरला जाई. बाकीचे लाकूड बहुधा जागीच कुजे. जवळची झाडे संपली की भट्टी डोंगरात आणखी आत सरके. प्रत्येक नवी भट्टी हे आदिवासींच्या भूमीत टाकलेले एक पाऊल होते.

१९/ व्यापारावर हुकमत कोणाची, हा झगडा आधीच पेटला होता. चिनी अधिकाऱ्यांनी कापराच्या व्यापाराचा एकाधिकार सांगितला आणि एका ब्रिटिश पेढीचा माल अडवला. १८६८ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने तैवानच्या अनपिंग बंदरावर मारा केला आणि एकाधिकार रद्द करून घेतला. हे घडले, तेव्हा सेल्युलॉइड अजून बाजारात यायचे होते.

२०/ १८९५ मध्ये शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानकडे गेले. नव्या वसाहतीचा खर्च भागवण्यासाठी जपानी राजवटीने अफू, मीठ, कापूर आणि पुढे तंबाखू यांची सरकारी मक्तेदारी उभारली. कापराची मक्तेदारी १८९९ मध्ये तैवानात सुरू झाली आणि १९०३ मध्ये खुद्द जपानलाही लागू झाली. ताइपेमधील दक्षिण दरवाजाजवळच्या एकाच सरकारी कारखान्यात कापूर आणि अफू या दोन्हींवर प्रक्रिया होई. आज त्या जागी संग्रहालय आहे.

२१/ मक्तेदारीला नियमित पुरवठा हवा होता आणि पुरवठ्याला डोंगर. १९०२ मध्ये नानझुआंग परिसरात कापराच्या जमिनीवरून सायसियात समाजाने उठाव केला आणि तो दडपला गेला. त्यानंतर पहाऱ्याची सीमारेषा डोंगरात पुढे पुढे ढकलली जाऊ लागली. या रेषेवर चौक्या होत्या, जंगल तोडून मोकळे केलेले पट्टे होते, आणि पुढे विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा व सुरुंगही आले. रेषेपलीकडील लोकांची मिठासारख्या वस्तूंची आवक रोखली गेली.

२२/ १९०६ मध्ये आलेला गव्हर्नर-जनरल साकुमा सामाता याने १९१० पासून पाच वर्षांची मोहीम आखली. गावे जाळली गेली, शिकारीच्या बंदुका जप्त झाल्या, समाज डोंगरातून खाली हलवले गेले. १९१४ मध्ये हजारो सैनिक व पोलीस त्रुकू समाजाविरुद्ध उतरवण्यात आले. या मोहिमेमागे केवळ कापूर नव्हता. इमारती लाकूड, जमीन आणि साम्राज्याचा दरारा हीही कारणे होती. मात्र या डोंगरांना जागतिक बाजारात प्रथम किंमत आणली ती प्रामुख्याने कापराने.

२३/ ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा ही मोहीम ऐन भरात होती. फाळक्यांनी कॅमेरा लंडनहून आणला होता आणि कोरी फीतही परदेशातूनच येत असे. त्यांच्या नेमक्या त्या रिळांतील कापूर कोणत्या डोंगरातला, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसणार. सेल्युलॉइडचे कारखाने जगभरातला कापूर घेत आणि त्या बाजारावर जपानी मक्तेदारीची छाया होती. दादरमधील एका मराठी कलावंताचे स्वप्न आणि तैवानमधील जळती गावे ही एकाच बाजाराची दोन टोके होती.

२४/ मक्तेदारीची चढी किंमत अखेर तिच्यावरच उलटली. युरोपातील रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम कापराच्या मागे लागले. फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पा यांनी १९०३ मध्ये कापराचे पूर्ण संश्लेषण साध्य केले आणि १९०७ मध्ये तेथे उत्पादनही सुरू झाले. जर्मन कारखान्यांनी चीडवृक्षाच्या राळेतून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून कापूर बनवला. एका सदाहरित वृक्षाची जागा दुसऱ्या सदाहरित वृक्षाने घेतली. आज भारतात विकला जाणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासूनच तयार होतो.

२५/ दोन्ही कापरांतला भेद डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाशाला कळतो. झाडातून मिळालेल्या कापराच्या द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश गेला की तो एका बाजूला वळतो. टर्पेंटाइनपासून केलेल्या कापरात एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे दोन प्रकारचे रेणू सारख्या प्रमाणात असतात. त्यामुळे प्रकाशाचे वळणे परस्परांना रद्द करते. कापूर नैसर्गिक आहे का, हे तपासण्याची ही एक जुनी आणि भरवशाची कसोटी आहे.

२६/ सेल्युलॉइडची फीत अत्यंत ज्वालाग्राही होती. एकदा पेटली की ती स्वतःच प्राणवायू पुरवते, म्हणून पाण्याखालीही जळत राहते. १९५० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. पण आगीवाचूनही ती मरत होती. फितीतला कापूर हळूहळू उडून जातो, फीत आक्रसते आणि ठिसूळ होते. नायट्रोसेल्युलोजचे विघटन होऊन शेवटी भुकटी उरते. अनेक जुन्या फिती तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीच विकल्या गेल्या.

२७/ भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. त्यांपैकी आज पूर्ण वा अंशतः उपलब्ध असलेले फार थोडे आहेत. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळेच मिळाली. २००३ च्या जानेवारीत पुण्यातील नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि वाचवून ठेवलेल्यांपैकीही कितीतरी रिळे नष्ट झाली. आरतीतल्या कापराचा गुण चित्रपटालाही भोवला.

२८/ तैवानमध्ये १ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांनी गेल्या चार शतकांतील अन्यायाबद्दल आदिवासी समाजांची शासनाच्या वतीने क्षमा मागितली. डोंगरांतील जमिनींवरील हक्कांचा प्रश्न तेथे अद्याप मिटलेला नाही. जुने कापूरवृक्ष बहुतांश गेले. एका झाडाला पूर्ण वाढायला शतके लागतात, त्यामुळे ते अरण्य पूर्वीसारखे दिसण्यासाठी अनेक पिढ्या जाव्या लागतील.

२९/ कापूर जळाल्यावर मागे काही उरत नाही, म्हणून तो पवित्र मानला गेला. इतिहासात त्याने बरेच मागे ठेवले आहे : सुमात्राच्या किनाऱ्यावरचा तमिळ शिलालेख, ताइपेतला कारखाना, पुण्यातली अपुरी रिळे आणि आपली भूमी परत मागणारे समाज. ज्यांच्या डोंगरांतून तो आला, त्यांची नावे त्या व्यापाराच्या हिशेबात क्वचितच आली. ती नावे शोधून लिहिणे, हे काम इतिहासाकडे अजून शिल्लक आहे. (समाप्त)